सूर्यफूल लावताना आधी पूर्व बघा

सूर्यफुलाचं बी हातात आलं की बहुतेक जण आधी खताचं विचारतात, नाहीतर कुंडीचं. मी आधी दिशेचं विचारते. बागेत तुमची उठबस कुठे असते? खिडकीशी, पायरीवर की फाटकाजवळ? त्या जागेवरून पाहताना रोप तुमच्या पश्चिमेला आलं पाहिजे. पूर्ण उमललेलं सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे फिरत नाही. ते पूर्वेकडे तोंड करून स्थिर होतं आणि पाकळ्या सुकेपर्यंत तसंच राहतं. रोप तुमच्या पूर्वेला लावलंत, तर इतकी मेहनत करून तुमच्या वाट्याला फुलाची हिरवी पाठ येते.

सूर्यामागे फिरतं ते कोवळं, वाढतं रोप. कळी उमलायला लागेपर्यंत त्याचा शेंडा सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला असतो. रात्रीतून तो परत पूर्वेकडे वळतो आणि उजाडायच्या आधीच तिथे येऊन थांबलेला असतो. याचं कारण खोडाच्या वाढीत आहे. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त लांबते, म्हणून शेंडा पश्चिमेला झुकतो. रात्री पश्चिमेकडची बाजू लांबते आणि तो परततो. वाढ थांबत आली की हे झुकणंही थांबतं. २०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात यावरचे प्रयोग मांडले. त्यांनी काही कोवळी रोपं हलता येणार नाहीत अशी बांधली, तर काही कुंड्या रोज संध्याकाळी उलट फिरवल्या. अशा रोपांची वाढ सुमारे १० टक्के कमी भरली. उमललेल्या फुलांचंही त्यांनी पाहिलं. पूर्वेकडे तोंड असलेली फुलं सकाळी लवकर तापतात आणि त्यांच्यावर पश्चिमेकडे वळवलेल्या फुलांच्या पाचपटीपर्यंत मधमाश्या येतात.

घरच्या बागेसाठी यातून दोन गोष्टी घ्यायच्या. घरातल्या शोभेच्या झाडांच्या कुंड्या आपण अधूनमधून फिरवतो, तशी सूर्यफुलाची कुंडी फिरवायची नाही. आणि आधाराची काठी लावली तरी शेंड्याजवळ गच्च बांधायचं नाही. त्याला मान वळवायला मोकळीक हवी.

जागा आणि माती

रोज निदान सहा तास थेट ऊन हवं, आठ मिळालं तर उत्तम. त्यातही सकाळचं ऊन मोलाचं. भिंतीच्या सावलीत लावलेलं रोप उजेडाच्या शोधात नुसतं उंच होतं, त्याचं खोड बारीक राहतं आणि फूल आलं की ते कलंडतं. वारा झोडपत असेल तर कुंपणाचा आडोसा बघा, पण ऊन अडणार नाही एवढं अंतर ठेवून.

मातीच्या बाबतीत सूर्यफूल फारसे नखरे करत नाही, पाणी साचलेलं मात्र त्याला अजिबात चालत नाही. सामू, म्हणजे मातीच्या आंबट-खारटपणाचं माप (pH), साधारण ६ ते ७.५ असला की झालं. माझा भर असतो तो खोलीवर. सूर्यफुलाचं सोटमूळ सरळ खाली उतरतं, मोकळी जमीन मिळाली तर दीड-दोन मीटरपर्यंतही जातं. वरची वीतभर माती भुसभुशीत आणि खाली दगडासारखा थर, अशा जागी मूळ आडवं वळतं आणि झाड पहिल्याच वादळात आडवं होतं. म्हणून बी टोकण्याआधी दीड-दोन फूट खोल खणून घ्या, ढेकळं फोडा आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. अर्धवट कुजलेलं खत घालू नका. त्यात हुमणी, म्हणजे मुळं कुरतडणारी अळी, येते आणि कोवळ्या मुळांनाही झळ बसते.

जात निवडताना

'सूर्यफुलाचं बी' एवढंच मागितलं तर काय हाती येईल सांगता येत नाही. आधी ठरवा की तुम्हाला फूल कशासाठी हवं आहे. 'रशियन मॅमथ' ही उंच, एका खोडाची जात आहे. ती तीन-साडेतीन मीटरपर्यंत जाते, वर एकच भलंमोठं फूल येतं आणि खाण्याचे पट्टेरी दाणे मिळतात. 'टेडी बेअर' जेमतेम दोन-तीन फुटांची. तिची फुलं भरगच्च, गोंड्यासारखी असतात आणि ती कुंडीत छान येते. 'ऑटम ब्यूटी' आणि 'व्हेल्व्हेट क्वीन' या फांद्या फुटणाऱ्या जातींना तांबूस, विटकरी, मखमली लाल रंगाची फुलं एकामागून एक येत राहतात. 'प्रोकट' आणि 'सनरिच' या मालिकांमधली फुलं बिनपरागाची असतात. फुलदाणीत ठेवली तर टेबलावर पिवळी धूळ सांडत नाही.

मला स्वतःला फांद्या फुटणाऱ्या जाती जास्त आवडतात. मॅमथचं फूल पाहून छाती दडपते खरी, पण ते एकच असतं आणि दोन-तीन आठवड्यांत संपतं. फांद्यावाली जात कितीतरी दिवस बाग भरलेली ठेवते. उंचीचीच हौस असेल तर मॅमथ जरूर लावा. २०१४ साली जर्मनीच्या हान्स-पेटर शिफर यांचं सूर्यफूल ९.१७ मीटर उंच भरलं होतं आणि त्यावेळी तो जागतिक विक्रम ठरला होता. तेवढ्या उंचीला परांची बांधावी लागते!

भाजलेल्या किंवा सोललेल्या बिया रुजत नाहीत. पक्ष्यांच्या खाद्यातल्या टरफलासकट कच्च्या बिया रुजतात, पण त्यातून कोणती जात निघेल याचा नेम नसतो. गुलाबी-हिरव्या रंगाचा लेप दिलेलं पाकिटातलं बी औषध लावलेलं असतं. ते फक्त पेरायचं, खायचं नाही, आणि हाताळल्यावर हात धुवायचे.

पेरणी

बी जिथे वाढणार तिथेच टोका. ट्रेमध्ये रोपं करून मग हलवण्याचा मोह टाळा, कारण सोटमूळ दुखावलं की रोप बसतं ते बसतंच. गोगलगाई किंवा पक्ष्यांच्या त्रासामुळे रोपं करावीच लागली, तर मातीत विरघळणाऱ्या कागदी कपात करा आणि (उगवतानाची पहिली दोन जाड पानं सोडून) तिसरं-चौथं खरं पान दिसताच कपासकट लावा.

माती गार असेल तर घाई करू नका. १० अंश सेल्सियसच्या खाली बी नुसतं पडून राहतं आणि कुजतं. २० अंशांच्या आसपास ते आठवडाभरात वर येतं. बी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत फडक्यावर कोरडं करून टोकलं तर उगवण एकसारखी होते. जमीन वाफशावर असावी, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा. दोन ते तीन सेंटिमीटर खोल, एका जागी दोन बिया. बुटक्या जातींना एक फूट अंतर पुरतं, मॅमथला निदान दीड ते दोन फूट द्या. अंतर कमी केलं की फूल लहान येतं. फुलदाणीसाठी एका खोडाची फुलं वाढवणारे लोक हेच मुद्दाम करतात. वीतभर अंतरावर लावून ते तळहाताएवढी आटोपशीर फुलं घेतात.

कुंडीत लावायचं असेल तर बुटक्या जातीला निदान एक फूट खोल आणि दहा-बारा लिटरची कुंडी घ्या, एका कुंडीत एकच रोप. उंच जात कुंडीत लावू नका. मोठ्या ड्रममध्ये ती येते, पण वाऱ्याचा भरवसा नाही.

सगळं एकाच दिवशी टोकू नका. दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं टोकत गेलात तर फुलांचा हंगाम लांबतो. जातीनुसार पेरणीपासून फुलापर्यंत साधारण ५५ ते १०० दिवस लागतात, पाकिटावर आकडा असतो.

पहिला महिना

खरी राखण इथे आहे. बी उगवतं तेव्हा टरफल टोपीसारखं बीजदलांवर, म्हणजे त्या पहिल्या दोन जाड पानांवर, अडकलेलं असतं. ते ओढून काढू नका, बीजदलं तुटतील. पाण्याचा हलका फवारा द्या, टरफल नरमतं आणि आपोआप गळतं. पक्ष्यांना ही जाड, गोडसर बीजदलं फार आवडतात. तेव्हा पहिले दहा-बारा दिवस वरून जाळी किंवा तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली घाला. बाटलीचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर आत रोप उकडेल. रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेचायच्या. यापेक्षा खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

दोन-चार पानांवर रोप आलं की विरळणी. दोनांपैकी ठेंगणं पण जाड खोडाचं रोप ठेवा आणि दुसरं कात्रीने जमिनीलगत कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात. जीवावर येतं हे काम, पण दोन्ही ठेवली तर दोन्ही रडतखडत वाढतात.

आधाराची काठी लागणार असेल तर ती आताच रोवा. मोठ्या झाडाशेजारी नंतर काठी ठोकली तर ती मुळांतूनच जाते. मऊ कापडाची पट्टी घ्या, खोडाच्या खालच्या अर्ध्या भागात आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारा आणि झाड वाढेल तशी सैल करत राहा. रोप गुडघ्याएवढं झालं की बुंध्याशी मातीची भर द्या. काठीइतकाच तिचाही उपयोग होतो.

शेंडा खुडायचा की नाही? फांद्या फुटणाऱ्या जातीचा शेंडा रोप वीत-दीड वीत झाल्यावर खुडला तर फांद्या आणखी भरतात. एका खोडाच्या जातीचा शेंडा मात्र चुकूनही खुडू नका. तिचं फूल त्या शेंड्यातच असतं.

पाणी आणि खत

सुरुवातीला वरची माती ओली राहील इतपत पाणी. रोप फूटभर झालं की पद्धत बदला आणि कमी वेळा पण खोलवर द्या. रोज शिंपडलेलं पाणी वरच्या दोन बोटांतच मुरतं, मग मुळंही तिथेच घुटमळतात. मी बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल आळं करते, ते भरते, मुरू देते आणि परत भरते. मग खाली बोट खुपसून दोन पेरांपर्यंत कोरडं लागेपर्यंत पाण्याला हात लावत नाही. कुंडीला हा नियम लागू नाही. तिला कडक उन्हात रोज पाणी लागतं.

दुपारी पानं मलूल दिसली की लगेच पाणी ओतायला धावू नका. मोठ्या पानांतून भर उन्हात इतकं पाणी उडतं की मुळं पुरी पडत नाहीत, म्हणून ती मान टाकतात. ऊन उतरल्यावर परत बघा. पानं सावरली असतील तर मातीत ओल आहे. सकाळीही पडलेलीच असतील तर पाणी कमी आहे किंवा मुळांना काहीतरी झालं आहे. खोडाशी माती उकरून बघा. कोरडी असेल तर उपाय सोपा. ओली चिंब असेल आणि तरी झाड सुकत असेल तर मूळकूज समजा. ते झाड काढून टाका. कळी दिसू लागल्यापासून दाणे भरेपर्यंत मात्र पाण्याची ओढ पडू देऊ नका. या काळात ताण बसला तर फूल लहान राहतं आणि दाणे पोचट निघतात.

खताची हाव नको. नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार, खोड लुसलुशीत, फूल उशिरा आणि झाड आडवं. पेरणीआधी चांगलं कंपोस्ट घातलं असेल तर जमिनीतल्या रोपाला कळी येताना आणखी एक ओंजळभर पुरे. कुंडीतल्या रोपाला पातळ द्रवखत दोन आठवड्यांनी एकदा द्यावं.

बोरॉन या एका सूक्ष्मद्रव्याकडे मात्र लक्ष ठेवा, त्याची कमतरता सूर्यफुलाला लवकर जाणवते. कोवळी पानं जाड आणि वेडीवाकडी होतात, फुलामागचं देठ तडकतं, फूल एका बाजूने अर्धवट भरतं. रेताड किंवा चुनखडीच्या जमिनीत हे जास्त दिसतं. पाकळ्या उघडू लागताना एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम बोरॅक्स विरघळवून एकदा फवारलं की काम होतं. प्रमाण वाढवू नका. जास्त बोरॉनने पानांच्या कडा जळतात.

फूल उमलतं तेव्हा

एक भिंग घ्या आणि सकाळी फुलापाशी उभे राहा. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो, मोठ्या जातींत हजारो फुलांचा समूह असतो. कडेच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजे किरणपुष्पं. ती वांझ असतात आणि त्यांचं काम कीटकांना बोलावणं. मधल्या तबकडीतली इवली नळीदार बिंबपुष्पं हीच खरी दाणे धरणारी. ती बाहेरच्या कडेपासून आत, ओळीओळीने उमलतात. सकाळी बघाल तर एका कड्यात परागकोशांच्या गडद नळ्या वर आलेल्या आणि त्यांच्या टोकाला पिवळी भुकटी दिसते. त्याच्या बाहेरच्या, आदल्या दिवशी उमललेल्या कड्यात नळीतून कुक्षी, म्हणजे पराग घेणारा भाग, बाहेर येऊन तिची दोन टोकं मागे वळलेली असतात. आधी पराग द्यायचा आणि मग घ्यायचा, असा हा क्रम आहे. कडेपासून मध्यापर्यंत पोचायला आठवडाभर लागतो. तबकडीवरच्या वळणदार ओळी एकदा मोजून पाहा. एका दिशेने ३४ आणि दुसऱ्या दिशेने ५५, किंवा मोठ्या फुलात ५५ आणि ८९ असे आकडे बहुधा निघतात. मुलांना हे जरूर मोजायला लावा, ती तासभर हलत नाहीत.

दाणे हवे असतील आणि मधमाश्या कमी येत असतील तर हाताने परागीकरण करा. हाताला मऊ, पातळ कापड गुंडाळा आणि सकाळी सात ते अकराच्या दरम्यान एका फुलाच्या तबकडीवरून हलकेच फिरवून तेच दुसऱ्यावर फिरवा. आठवडाभर, दिवसाआड. जुन्या जातींना स्वतःचा पराग फारसा चालत नाही, म्हणून एकटंच रोप असेल तर दाणे पोचट राहण्याची शक्यता जास्त. निदान तीन-चार रोपं एकाच वेळी फुलतील असं बघा.

कीड आणि रोग

फुलावर कसल्याही कीडनाशकाची फवारणी नको, कडुनिंबाच्या तेलाचीही नको. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. ज्या माश्यांसाठी ते फूल उमलतं त्यांच्यावरच औषध मारायचं हे मला पटत नाही. जे करायचं ते फूल उमलायच्या आधी.

पानांच्या मागे मावा दिसला, वर मुंग्यांची रांग असली तर पाण्याची जोरदार धार मारा, दोन-तीन दिवस सलग. तुडतुडे, पांढरी माशी वाढली तर कडुनिंबाचं तेल पातळ करून संध्याकाळी फवारा. केसाळ अळ्या लहान असताना एकाच पानावर पुंजक्याने असतात आणि ते पान जाळीसारखं दिसू लागतं. असं पान दिसताच ते तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. दोन दिवस उशीर केलात तर त्या सगळ्या झाडावर पसरतात. पानांवर पांढरी भुकटी म्हणजे भुरी, मागच्या बाजूला विटकरी पुटकुळ्या म्हणजे तांबेरा, काळपट गोल ठिपके पसरत गेले तर करपा. तिन्हींसाठी घरच्या बागेत एकच सांगते. खालची रोगट पानं काढून बागेबाहेर टाका, पाणी पानांवर न देता बुंध्याशी द्या आणि पुढच्या वेळी अंतर वाढवा. फूल येऊन गेल्यावर खालची पानं पिवळी पडून गळतात, तो रोग नव्हे.

कापणी

फुलदाणीसाठी फूल पहाटे कापा. पाकळ्या तबकडीवरून नुकत्या उचलू लागल्या असतील तेव्हाच. पूर्ण उमललेलं फूल दोन-तीन दिवसांतच उतरतं, या टप्प्यावरचं आठवडाभर टिकतं. देठ तिरकं कापून लगेच पाण्यात ठेवा, खालची पानं काढा, पाणी दिवसाआड बदला.

दाण्यांसाठी फूल झाडावरच पिकू द्या. पाकळ्या सुकल्या की पक्षी येतात, तेव्हा फुलाला मलमलचं कापड किंवा बारीक जाळीची पिशवी सैल बांधा. प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका, आत घाम धरून बुरशी येते. फुलाची पाठ हिरव्याची पिवळी आणि मग तपकिरी झाली, दाणा नखाने दाबला तर कडक लागला की वीतभर देठासह फूल कापा आणि हवेशीर, कोरड्या जागी उलटं टांगा. पूर्ण वाळल्यावर दोन फुलं एकमेकांवर घासली तरी दाणे गळतात. खाण्यासाठी ठेवायचे असतील तर उफणून, पोचट काढून, आणखी काही दिवस वाळवून बंद डब्यात भरा.

बियाण्यासाठी सगळ्यात तजेलदार झाडाच्या फुलाच्या बाहेरच्या कड्यांतले टपोरे दाणे निवडा. संकरित जातीचं बी धरू नका, पुढची पिढी तशीच येत नाही. ताजं बी लगेच पेरलं तर रुजत नाही, त्याला काही आठवड्यांची सुप्तावस्था असते. थांबा. पाकिटावर जात आणि वर्ष लिहून ते गार, कोरड्या जागी ठेवा.

झाड उपटू नका. खोड जमिनीलगत कापा आणि मुळं तिथेच कुजू द्या, त्यांनी केलेल्या वाटांमधून पुढच्या पिकाला पाणी खाली जातं. रोग पडला असेल तर मात्र मुळांसकट काढा. टरफलांचा ढीग दुसऱ्या झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घालू नका. त्यातल्या द्रव्यांमुळे शेजारच्या रोपांची वाढ आणि बियांची उगवण रोखली जाते. मी टरफलं पायवाटेवर पसरते, तिथे तणही कमी उगवतं. आणि पुढच्या हंगामात सूर्यफुलाची जागा बदला. त्याच मातीत परत लावायचं तर मध्ये निदान दोन-तीन वर्षं जाऊ द्या.